ब्राझीलवाल्या काकांना, चौदा जोड बुटांबद्दल

काका, सप्रेम नमस्कार.

तोंडावर आभार मानायला आले असते तर "गप गं, चहा घे" म्हणून तुम्ही विषय मोडला असता, म्हणून लिहिते. आणि चारचौघांत लिहिते, कारण तुम्ही पैज हरलात हे अख्ख्या पेठेला ठाऊक आहे. ती कशी फेडलीत हे फारसं कुणाला माहीत नाही.

फुटबॉलचा वर्ल्ड कप आला की आपल्या कोल्हापुरात काय होतं ते बाहेरच्याला सांगून पटत नाही. तालमींच्या फुटबॉल संघांची ईर्ष्या कायमचीच, पण चार वर्षांतून एकदा पाटाकडील, दिलबहार, खंडोबा हे सगळं बाजूला पडतं आणि दोनच पेठा उरतात, ब्राझील आणि अर्जेंटिना. तुमच्या बोळाच्या तोंडाला नेमारचा कटआऊट, समोर मामांच्या दारात मेस्सीचा, तोही मुद्दाम दोन फूट उंच. त्याच्याच खाली पैज ठरली होती : ज्याचा संघ आधी बाहेर, त्यानं दोन्ही गल्ल्यांना तांबडा-पांढरा घालायचा.

ती पैज तुम्ही बदललीत. सकाळी फिरायला गांधी मैदानावर आलात आणि आमच्या पोरींचा सराव बघत उभे राहिलात. कॅनव्हासचे बूट, त्यातले निम्मे फाटके, दोघी तर अनवाणीच. माझ्याशी अवाक्षर बोलला नाहीत. संध्याकाळी मामांना म्हणालात, "मटण काय, नेहमीच खातोय. हरंल त्यानं पोरींना स्टड घ्यायचे."

झालं! कोण जिंकतंय याच्याशी काही देणंघेणं नसलेल्या चौदा पोरी तयार झाल्या. त्यांना फक्त कुणीतरी लवकर हरायला हवं होतं. 22 नोव्हेंबर 2022 ला सौदी अरेबियानं अर्जेंटिनाला 2-1 नं हरवलं, तुम्ही फटाक्यांची माळ लावलीत, आणि या बहाद्दरणी मामांच्या दारात जाऊन पायाची मापं सांगून आल्या. मामा अजून ते विसरलेले नाहीत.

मग 9 डिसेंबरची रात्र, ब्राझीलची मॅच क्रोएशियाशी. नेमारनं जादा वेळेत गोल केला तेव्हा तुम्ही मामांना पेढा भरवलात. 117 व्या मिनिटाला क्रोएशियाच्या पेटकोविचनं तो फेडला. टायब्रेकरला रॉड्रिगोचा फटका त्यांचा गोलकीपर लिवाकोविचनं अडवला, मार्किन्योसचा खांबाला लागला आणि तुम्ही खुर्चीवरून उठलातच नाही. पण साडेबाराला अर्जेंटिनाची मॅच होती ना! दोन गोलांची आघाडी घेऊन बसलेल्या मामांचा जीव नेदरलँड्सनं पार शेवटच्या घटकेला 2-2 करून टांगला, तेव्हा "आज दोघंही बाहेर, पैज बरोबरीत" असं म्हणायला तुम्हाला चांगली संधी होती. कुणीतरी तसं म्हणालंही. तुम्हीच त्याला झापलंत : "आपल्या घड्याळात तारीख बदललीया. आमी काल हरलो." टायब्रेकरला मार्टिनेझनं दोन फटके अडवून अर्जेंटिनाला वाचवलं, पण तुम्ही तोवर हिशेब मिटवला होता.

दोन दिवसांनी तुम्ही रद्दी आणि पेन्सिल घेऊन मैदानावर हजर. चौदा पोरींची पावलं कागदावर उतरवलीत, कारण "दुकानदार नंबर सांगतोय, बोटं नाही सांगत." वरच्याच अंकावर रडणारा नेमार होता. तो तुम्ही हळूच पालथा घातलात, हे मी पाहिलंय.

पैज नुसत्या बुटांची होती. शिनगार्ड आणि मोजे कुणी मागितले नव्हते. बुटांच्या काळ्या लेस काढून पिवळ्या घातल्यात, हा मात्र शुद्ध खोडसाळपणा. फायनल अर्जेंटिनानं जिंकली, पेठेत पहाटेपर्यंत गुलाल उडाला, आणि दुसऱ्या दिवशी मेस्सीवाल्या मामांच्या डोळ्यांदेखत पोरी पिवळ्या लेस बांधून पळत होत्या. मामा मेस्सीचं कौतुक सांगायला लागले तर तुम्ही शांतपणे म्हणालात, "वर्ल्ड कपात त्याचे गोल 13. आमच्या मार्ताचे 17. बाई हाय ती." पोरींनी सराव थांबवून विचारलं, मार्ता कोण? अर्धा तास तुम्ही सांगत होता. एवढा वेळ त्या माझं कधी ऐकत नाहीत.

खरं सांगू, काका? मीही याच मैदानावर खेळले, दादाचे दोन नंबर मोठे बूट पुढे कापूस कोंबून घालायची. पोरगी आहे, किती दिवस खेळणार, असं म्हणून कुणी माप घेतलंच नाही. तुम्ही त्या दिवशी उकिडवे बसून पेन्सिल फिरवत होता तेव्हा मला पाणी आणायच्या निमित्तानं बाजूला जावं लागलं. त्या दिवसाचे आभार राहून गेले होते.

येत्या रविवारी सकाळी सात वाजता सामना आहे. मामांनाही घेऊन या. आमच्या गोलकीपरनं एका बुटाला निळी लेस घातली आहे, त्याबद्दल तिला काय बोलायचं ते तुम्हीच बोला. आणि 2026 ची पैज जरा आधी लावता येईल का, असं पोरी विचारतायत. दोघींचे पाय वाढायला लागलेत.

तुमची,
पोरींची ताई