फॉर्मवर पेन्सिलने लिहिणाऱ्या डॉक्टर मॅडमना

मॅडम,

परवा बीटा, म्हणजे दिवस राहिलेत का ते बघायची रक्ताची टेस्ट, निगेटिव्ह आली हे तुम्हाला माहितीच आहे, फोन तुम्हीच केला होता. दोन दिवस नुसतं रडण्यात गेले. त्यातच हा म्हणाला, अगं मॅडमना थँक्यू म्हणायचं राहूनच गेलं. म्हणून बसलेय लिहायला.

तुमच्याकडे आलो तेव्हा लग्नाला सहा वर्षं झाली होती, तीन आययूआय (शुक्राणू नळीने गर्भाशयात सोडतात ते) झाले होते, तिन्ही फेल. आधीच्या ठिकाणी तर दहाव्या मिनिटाला "आता डायरेक्ट इक्सी करू, सक्सेस जास्त असतो" म्हणून टेस्ट ट्यूब बेबीच्या त्या प्रकाराचा फॉर्म पुढे सरकवला होता. ह्याच्या वीर्य तपासणीच्या रिपोर्टची फाइल उघडली सुद्धा नाही, मी समोर बसून बघत होते ना. त्याच्याही आधीच्या ठिकाणी सगळं बोलणं फक्त माझ्याशी, हा शेजारी असून नसल्यासारखा. इक्सी म्हणजे पुरुषात दोष असं ह्याने कुठेतरी ऐकलेलं, घरी येऊन मला विचारतो, माझ्यामुळे होतंय का गं हे सगळं? आणि त्याला उत्तर द्यायला कोणीच नाही. कित्येक महिने तो हे मनात घेऊन फिरला. त्या लोकांवरचा माझा राग अजून गेलेला नाहीये, खरं सांगते.

तुम्ही सगळ्यात आधी त्याचाच रिपोर्ट काढलात आणि कागद त्याच्याकडे फिरवून एकेका आकड्यावर बोट ठेवलंत. डब्ल्यूएचओची खालची मर्यादा एका मिलीला १ कोटी ६० लाख शुक्राणू, तुमचे ४ कोटी आहेत. नीट पुढे जाणारे ३० टक्के लागतात, तुमचे ४८ आहेत. एवढंच. मी त्याच्याकडे बघितलं तर तो खाली मान घालून चष्मा पुसत बसला होता.

मग तुम्ही समजावलंत की साध्या आयव्हीएफमधे, म्हणजे नेहमीच्या टेस्ट ट्यूब बेबीत, डिशमधे अंड्याभोवती हजारो शुक्राणू सोडतात आणि त्यातला एक आपला आपण आत शिरतो, आणि इक्सीत काचेच्या बारीक सुईने एकच उचलून थेट अंड्यात सोडतात. इक्सीची पहिली बाळं १९९२ ला झाली, ज्यांचा काउंट फारच कमी आहे त्यांच्यासाठी ती मोठीच गोष्ट आहे, पण रिपोर्ट चांगला असेल तर इक्सीने बाळ होण्याचे चान्सेस वाढतात असं दिसलेलं नाही हेही तुम्हीच सांगितलंत. व्हिएतनाममधल्या १०६४ जोडप्यांच्या अभ्यासाचं सांगितलंत, २०२१ ला लॅन्सेट ह्या डॉक्टरी नियतकालिकात आलेला, इक्सीत ३५ टक्के आणि आयव्हीएफमधे ३१ टक्के जोडप्यांना बाळ झालं, आणि हा फरक ठाम काही म्हणावं इतका नाही. आणि उलट बाजूही लपवली नाहीत. आयव्हीएफमधे कधीकधी एकही अंडं फर्टिलाइज होत नाही, तसं झालं तर उपचाराची ती सायकल तिथेच संपू शकते. ती भीती वाटत असेल तर अंडी भरपूर मिळाल्यावर अर्धी अर्धी पण करता येतात.

आणि मग ती पेन्सिल. फॉर्मवर मेथडच्या रकान्यात तुम्ही पेन्सिलने आयव्हीएफ लिहिलंत आणि पेन्सिल माझ्या हातात दिलीत. म्हणालात, "हे माझं मत आहे, तुमचं वेगळं असू शकतं. अंडी काढायच्या दिवशी सकाळपर्यंत खोडा, बदला, दोघांनी भांडा. पेनने तुम्ही लिहायचं. आणि त्या दिवशीचं सॅम्पल बघून मला काही वेगळं वाटलं तर आधी तुम्हाला विचारेन."

मॅडम, सहा वर्षांत आमच्या बाबतीत कोणी काही पेन्सिलने लिहिलं नव्हतं हो. सगळं आधीच ठरलेलं असायचं, आम्ही फक्त सह्या करायच्या.

पिवळी पेन्सिल, मागचं रबर वाळून कडक झालेलं. त्या रात्री आम्ही खरंच दोनदा खोडलं, एकदा मी घाबरून इक्सी लिहिलं, मग ह्याने खोडून परत आयव्हीएफ. त्या चौकोनात कागद इतका पातळ झाला की पेनची शाई मागे उमटली. पण अक्षर आमचं होतं.

अंडी काढली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तुमचा फोन, नमस्कार नाही, कशा आहात नाही, पहिलाच शब्द "नऊपैकी सहा", म्हणजे सहा अंडी फर्टिलाइज झाली. आम्ही श्वास धरून बसलोय हे तुम्हाला माहीत होतं. एवढं साधं कळायला किती मोठी डिग्री लागते? आधीच्या ठिकाणी "होल्ड करा, मॅडम बिझी आहेत" ऐकत मी वीस वीस मिनिटं जिन्यात उभी राहिलेय. माणूस समोरच्याचा जरासा विचार करतो की नाही हे अशा बारक्या गोष्टींतच कळतं, आणि असे लोक मशिनरी चकाचक असली की भेटतातच असं नाही.

सहातले तीन गर्भ पाचव्या दिवसापर्यंत टिकले, एक गर्भाशयात ठेवला, तो राहिला नाही. दोन फ्रीझ आहेत. निगेटिव्ह कळल्यावर मी पहिल्यांदा हाच विचार केला की इक्सी केलं असतं तर? आणि मग माझं मलाच उत्तर आलं, की फर्टिलायझेशन तर झालंच होतं, अडलं ते पुढे. तुम्ही नीट समजावलं नसतंत तर हा प्रश्न मला आयुष्यभर खात बसला असता आणि आम्ही एकमेकांना दोष देत बसलो असतो.

पाळी आली की फोन करते. ह्या वेळी एक ठेवायचा की दोन, ह्यावर आमचं अजून ठरत नाहीये, तेव्हा जरा जास्त वेळ द्या.