हवेतून चार्जिंग : अंतराचा हिशेब हवा

मा. संपादक महोदय,
स. न.

रेडिओलहरींवर मोबाइल तारेवाचून चार्ज होईल, असे सांगणारा आपल्या पुरवणीतील ‘हवेतून चार्जिंग’ हा लेख वाचून शेजारच्या मुलाने मला विचारले, की चार्जर आता भंगारात द्यायचा का. त्याला जे सांगितले तेच येथे लिहितो.

रेडिओलहरींतून ऊर्जा मिळते, यात शंका नाही. आमच्या लहानपणी स्फटिकाचा रेडिओ बॅटरीवाचून वाजत असे, तो केंद्राच्या लहरींतून येणाऱ्या शक्तीवरच. आणि आज मोटारीच्या काचेवरील फास्टॅगमध्येही बॅटरी नसते. टोलनाक्यावरचा रीडर 865 मेगाहर्ट्झच्या आसपासच्या लहरी सोडतो, त्यांवर टॅगमधील चिप जागी होते आणि त्याच लहरी कमी-अधिक परावर्तित करून आपला क्रमांक कळवते. तिला स्वतः प्रक्षेपण करावे लागत नाही, म्हणूनच एवढ्याशा शक्तीवर तिचे भागते.

एवढीशी म्हणजे किती? याच लहरींची 4 वॅट शक्ती सर्व दिशांना सारखी पसरते असे धरले, तर 10 मीटरवरच्या साध्या अँटेनाच्या वाट्याला जेमतेम 30 मायक्रोवॅट येतात आणि अंतर दुप्पट झाले की त्याचाही चौथा हिस्सा उरतो. मोबाइलच्या बॅटरीत साधारण 15 वॅट-तास ऊर्जा मावते. वाटेत काहीच वाया गेले नाही असे मानले, तरी 10 मीटरवरून ती भरायला 5 लाख तास, म्हणजे सुमारे 57 वर्षे लागतील!

शक्ती वाढवता येते. 1975 साली कॅलिफोर्नियातील गोल्डस्टोन येथे सुमारे दीड किलोमीटरवर 30 किलोवॅटहून अधिक वीज सूक्ष्मलहरींनी (मायक्रोवेव्हनी) पोचवली गेली. पण त्यासाठी 26 मीटर व्यासाची डिश लागली. घरात माणसे वावरतात, तेथे असा झोत सोडता येणार नाही. लेखात ज्या चार्जिंग पॅडचे छायाचित्र होते, त्याचे तत्त्व तर निराळेच आहे. ते चुंबकीय प्रवर्तनावर, म्हणजे बदलत्या चुंबकीय क्षेत्रामुळे जवळच्या वेटोळ्यात वीज निर्माण होण्यावर, चालते आणि फोन त्यावर टेकवावाच लागतो.

रेडिओलहरींतून ऊर्जा घेण्याच्या तंत्राची खरी जागा पुलाच्या काँक्रीटमध्ये गाडलेल्या किंवा यंत्राच्या फिरत्या भागावर बसवलेल्या सेन्सरसारख्या, बॅटरी बदलणे जिकिरीचे असलेल्या उपकरणांत आहे. मिळेल ती ऊर्जा कपॅसिटरमध्ये (वीज साठवणाऱ्या छोट्या घटकात) थेंबाथेंबाने साठवायची आणि क्षणभर जागे होऊन एक नोंद पाठवायची, एवढेच त्यांचे काम असते. यापुढे अशा लेखांत ‘किती अंतरावर, किती वॅट’ हे दोन आकडे अवश्य छापावेत, ही विनंती.

आपला,
एक निवृत्त अभियंता, सोलापूर