जाळे बदलले, रिलेचे सेटिंग मात्र जुनेच

संपादक महोदय,

एका फीडरवर (उपकेंद्रातून निघणाऱ्या वाहिनीवर) दोष, म्हणजे शॉर्ट सर्किट, येतो आणि अख्खे उपकेंद्र अंधारात जाते. बातमीत ‘तांत्रिक बिघाड’ एवढेच छापून येते. पुष्कळदा रिले (दोष ओळखून आदेश देणारे उपकरण), ब्रेकर (प्रवाह तोडणारा स्विच), सीटी (रिलेला प्रवाह मोजून देणारा ट्रान्सफॉर्मर) सारे धडधाकट असते. बिघडलेले असते ते रिलेंचे आपसातले वेळेचे गणित.

दोषाजवळच्या रिलेने आधी ब्रेकर उघडायचा, त्याला जमले नाही तरच मागच्याने. दोघांत साधारण ०.३ ते ०.४ सेकंदाचे अंतर ठेवतात. ब्रेकर उघडून ठिणगी विझण्याचा वेळ, रिले व सीटीच्या चुका, जुन्या रिलेची चकती प्रवाह थांबल्यावरही किंचित फिरते तो वेळ, आणि थोडी राखीव जागा, हे सारे त्यात बसवायचे असते.

हे अंतर आपोआप कसे घटते ते आकड्यांत पाहा. एकाच फीडरवर मागे-पुढे दोन रिले आहेत, दोन्ही स्टँडर्ड इन्व्हर्स वक्राचे, म्हणजे प्रवाह जितका जास्त तितके लवकर चालणारे. पुढच्याचा टीएमएस (वेळ कमी-जास्त करणारा गुणक) ०.१ आणि दोषप्रवाह पिकअपच्या (ज्या प्रवाहापासून रिले जागा होतो त्याच्या) १० पट: तो ०.३० सेकंदात चालतो. मागच्याचे पिकअप दुप्पट, म्हणून तोच प्रवाह त्याला ५ पट, टीएमएस ०.१४ असेल तर वेळ ०.६०. अंतर बरोबर ०.३०. पुढे उपकेंद्रात आणखी एक रोहित्र (ट्रान्सफॉर्मर) समांतर जोडले आणि दोषप्रवाह दुप्पट झाला, असे धरा. आता वेळा ०.२३ आणि ०.४२. अंतर उरले ०.१९, तेही एकाही सेटिंगला हात न लावता! मागच्याचा टीएमएस ०.१८ केला की अंतर पुन्हा ०.३० च्या वर जाते. पण जुन्या, कमी दोषप्रवाहाला तोच रिले ०.७७ सेकंद घेतो. तेवढा वेळ केबल तापते, म्हणून तिची क्षमताही तपासावीच लागते.

वलयाकार जाळ्यात प्रत्येक रिले कुणाचा तरी बॅकअप असतो, आणि साखळी फिरून पहिल्यापाशी येते. तिथे हाताने गणित जमवणे अवघड. पिकअप आधी ठरवून टाकले, तर सर्व रिलेंच्या वेळांची बेरीज किमान करण्याचा प्रश्न रेषीय प्रोग्रामिंगने (सरळ रेषेच्या समीकरणांतून सर्वोत्तम उत्तर काढण्याच्या गणिती पद्धतीने) सुटतो. पिकअपही शोधायचे तर तो अरेषीय होतो आणि जेनेटिक अल्गोरिदमसारख्या, उत्क्रांतीच्या धर्तीवर उत्तर शोधणाऱ्या पद्धती वापरतात. मात्र संगणकाचे उत्तर बरेचदा नेमके किमान अंतराच्या मर्यादेवर बसते. त्याने मागच्या रिलेचा टीएमएस ०.१३७ सांगितला आणि डायलवर ०.१२५ लावले, की अंतर मोडले. वरच्या पायरीवर न्यावे, तर त्याच्या मागच्या सगळ्या रिलेंच्या जोड्या पुन्हा तपासाव्या लागतात. एखादी वाहिनी बंद असतानाची स्थितीही तपासायलाच हवी. दुर्दैवाने हेच काम घाईत गळते.

पिकअप कमाल भारापेक्षा बरेच वर आणि किमान दोषप्रवाहापेक्षा बरेच खाली हवे. सौर प्रकल्पांमुळे ही खालची बाजू अडचणीत येते, कारण त्यांचा इन्व्हर्टर (डीसीची एसी वीज करणारे उपकरण) दोषातही रेटेड प्रवाहाच्या साधारण १.१ ते १.५ पटच देतो. वरची बाजू चुकली तर काय होते ते ३० जुलै २०१२ रोजी दिसले: बिना-ग्वाल्हेर ४०० केव्ही वाहिनी दोष नसताना, केवळ भारामुळे, डिस्टन्स रिलेच्या (दोष किती लांब आहे ते ओळखणाऱ्या रिलेच्या) तिसऱ्या, लांबवर पाहणाऱ्या झोनवर ट्रिप झाली आणि उत्तर ग्रिड कोसळले.

म्हणून प्रत्येक सेटिंग-पत्रकावर ते कोणत्या दोषप्रवाहासाठी आणि जाळ्याच्या कोणत्या स्थितीत काढले, हे तारखेसह लिहिणे सक्तीचे करावे. नवे रोहित्र, वाहिनी किंवा सौर प्रकल्प जोडण्याची परवानगी फेरगणिताच्या अहवालाशिवाय देऊ नये.

— वीज संरक्षण क्षेत्रातील एक अभियंता