इकडे सगळं फुकट नसतं, आई

ब्रॅम्प्टन, रविवार

आई, सा. न.

परवा कॉलवर मावशी म्हणाली ना, कॅनडात काय बाई, सगळं सरकारच करतं, तेव्हा मी काही बोलले नाही, पण ते डोक्यातून जाईना म्हणून लिहितेय.

डॉक्टर, हॉस्पिटल फुकट हे खरंय. माझ्या ओजसला ताप आला तर एक डॉलर लागत नाही. पण ऑटिझमची थेरपी त्यात धरत नाहीत. ब्रिटिश कोलंबिया प्रांतातले आईबाप त्यासाठी सुप्रीम कोर्टापर्यंत गेले होते, पण 2004 मध्ये कोर्टाने सांगितलं की ही थेरपी द्यायलाच पाहिजे असं सरकारवर बंधन नाही. मग जो तो प्रांत आपापलं ठरवतो.

आमच्या ऑन्टॅरियोत 2019 ला 23,000 मुलं वेटिंगवर होती, तेव्हा सरकारने काढलं की सगळ्यांना थोडे थोडे पैसे वाटू, सहाच्या आतल्यांना वर्षाला 20,000 डॉलरपर्यंत आणि त्यापुढे 5,000. आता ज्या मुलाला रोज चार-पाच तास थेरपी लागते त्याचा खर्च 50,000 च्या वर जातो, म्हणजे आपले तीस लाख, आणि सहावा वाढदिवस झाला की ऑटिझम कमी होतो का गं? आईबाप टोरोंटोत विधानसभेसमोर जमले, खूप आरडाओरडा झाला, मग बजेट दुप्पट करून 60 कोटी डॉलर केलं. आता वय आणि मुलाची गरज दोन्ही बघून पैसे ठरतात, जास्तीत जास्त वर्षाला 65,000. हे मला मनापासून पटतं. फक्त नंबर लागावा लागतो. ओजस तीनचा असताना निदान झालं त्याच महिन्यात नाव घातलं, आता तो साडेपाचचा आहे. हीच वर्षं महत्त्वाची असतात गं, ती काही थांबत नाहीत.

शाळेआधीचा सहा महिन्यांचा सरकारी ग्रुप मात्र मिळाला आणि त्याचं खरंच चीज झालं. आधी पाणी हवं असलं की माझं मनगट धरून नळापाशी ओढत न्यायचा, आता पाण्याचं चित्र उचलून हातात देतो. डबा स्वतः उघडतो.

वहिनीच्या भाच्याचं युडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, काढलं का विचार. दिव्यांगांसाठीच्या 2016 च्या कायद्यात ऑटिझम आहे, सिव्हिलमधून सर्टिफिकेट मिळतं. निरामय हा सरकारी आरोग्य विमाही काढा म्हणावं, 1 लाखापर्यंत असतो आणि थेरपीचेही थोडे पैसे मिळतात. लोक काय म्हणतील म्हणून थांबू नका, प्लीज.

आणि आई, नंबर लागेपर्यंत आम्ही स्वतःच्या खर्चाने आठवड्याला आठ तास थेरपी सुरू केलीय. त्यामुळे घराच्या हप्त्याला पाठवते ते पैसे या वर्षी निम्मेच येतील. बाबांना तूच सांग, मला फोनवर नाही जमणार.

तुझी,
मनू