नॅनोट्यूब : अडचण उत्पादनाची नव्हे, शुद्धतेची
‘कार्बन नॅनोट्यूबचे उत्पादन वाढले की काम फत्ते’ हा रविवार पुरवणीतील लेखाचा सूर पटला नाही. कार्बनच्या या अतिसूक्ष्म नळ्यांचे उत्पादन केव्हाच वाढले आहे. १९९१ मध्ये जपानी शास्त्रज्ञ सुमिओ इजिमा यांना या नळ्या विद्युत चापाने (विजेच्या सलग ठिणगीने) बनलेल्या कार्बनमध्ये दिसल्या. आज लोह-कोबाल्टच्या सूक्ष्म कणांवर ६०० ते १००० अंश सेल्सिअसला हायड्रोकार्बन वायू सोडून त्या टनावारी बनतात. खरी मेख पुढे आहे. एकपदरी नळ्यांच्या एकाच घाण्यात साधारण एक तृतीयांश धातूसारख्या वीज वाहणाऱ्या, उरलेल्या अर्धवाहक (सेमीकंडक्टर) निघतात. विजेचा प्रवाह चालू-बंद करणाऱ्या ट्रान्झिस्टरला फक्त अर्धवाहकच चालतात. शिवाय उरलेले लोह काढायला आम्ल वापरावे, तर नळ्यांच्या भिंतीही खराब होतात. लेखात शुद्धतेचा एकही आकडा नाही, हे खटकले.
– एक वाचक