मांजर ‘विनाकारण’ चावत नाही

महोदय,

‘लाड करत होतो आणि मांजराने एकदम चावा घेतला’ ही तक्रार इतकी रुळली आहे की मांजर लहरी आणि मतलबी असते, हे जणू ठरूनच गेले आहे. चाव्याच्या आधीचे काही सेकंद नीट पाहिले तर ‘एकदम’ असे काही घडलेलेच नसते.

मांडीवरच्या मांजराच्या पाठीवरून हात फिरत असतो. बहुधा आधी घुरघुर थांबते. मग शेपटीचे नुसते टोक हलू लागते, थोड्या वेळाने सगळी शेपटी इकडून तिकडे आपटते. पाठीची कातडी थरथरते, कान बाजूला वळून चपटे होतात, डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या होतात आणि मान झटकन हाताकडे वळते. चावा येतो तो यानंतर. शेपटी हलते म्हणजे स्वारी खूश, हा कुत्र्याचा आडाखा मांजराला लावला की फसगत ठरलेली. टोक हलले की हात उचलावा, एवढे पुरते.

हात फिरवण्याच्या जागाही ठरलेल्या आहेत: गाल, हनुवटीखाली आणि कानांच्या मुळाशी. चेहऱ्यावर गंध सोडणाऱ्या ग्रंथी असतात, म्हणून मांजर तो भाग आपल्याला घासत असते. पोट आणि शेपटीचे मूळ बहुतेकांना खपत नाही. उताणे पडून पोट दाखवणे हा विश्वास झाला. हात लावायचे आमंत्रण नव्हे. तीन ते पाच सेकंद कुरवाळून थांबावे. मांजराने डोके पुढे केले तर पुन्हा सुरू करावे, तोंड फिरवले तर विषय संपला. आणि घुरघुर ऐकू आली म्हणजे सगळे आलबेल, असेही नाही. दुखत असताना किंवा घाबरल्यावरही मांजरे घुरघुरतात.

पाहुण्यांची हमखास चूक म्हणजे समोर वाकून टक लावून पाहणे. मांजराच्या लेखी ती धमकी असते. त्यापेक्षा बाजूला बसावे आणि डोळे अर्धे मिटून सावकाश उघडझाप करावी. ससेक्स विद्यापीठाच्या संशोधकांनी 2020 मध्ये हे तपासून पाहिले. मालकाने अशी उघडझाप केली की मांजरेही डोळे बारीक करून उत्तर देतात आणि अनोळखी माणसाने केली तर त्याने पुढे केलेल्या हाताकडे अधिक येतात, असे त्यांना आढळले.

पिल्लाशी बोटांनी खेळणे ही सवय सर्वांत महागात पडते. दोन महिन्यांच्या पिल्लाचे चावणे गोड वाटते, पण वर्षभराचे झाल्यावर तेच रक्त काढते. हात ही शिकार आहे हे आपणच शिकवलेले असते. लांब काडीला दोऱ्याने बांधलेले पीस वा चिंधी घेऊन दिवसातून दोनदा दहा-दहा मिनिटे खेळावे आणि शेवटी ती पकडू द्यावी. लेझरच्या ठिपक्यात हाती काहीच लागत नाही, त्यामुळे काही मांजरे चिडचिडी होतात. खेळ संपला की दोरा कपाटात ठेवावा. जिभेवरचे काटे मागे वळलेले असल्याने तोंडात गेलेला दोरा थुंकता येत नाही. तो गिळला जाऊन आतड्यात अडकतो आणि प्रकरण शस्त्रक्रियेवर जाते.

ओरडणे, पाणी फवारणे, झालेल्या घाणीत नाक घासणे या शिक्षांचा उपयोग शून्य. मांजर शिक्षेचा संबंध कृत्याशी जोडत नाही, तुमच्याशी जोडते आणि सोफा तुमच्या गैरहजेरीत ओरबाडते. ओरबाडणे ही त्याची गरज आहे: नखांची जुनी साल निघते, अंग ताणले जाते, पंजांचा गंध उमटतो. सुमारे 90 सेंटीमीटर उंच, काथ्याच्या दोराने गुंडाळलेला आणि धक्क्याने न डगमगणारा खांब सोफ्यालगतच ठेवावा. अडगळीतल्या कोपऱ्यात ठेवलेल्या खांबाकडे ते ढुंकूनही पाहत नाही. जेवणाऱ्या मांजरामागे गुपचूप काकडी ठेवून त्याला दचकवण्याचे व्हिडिओ ज्यांना विनोदी वाटतात, त्यांच्याविषयी न बोललेले बरे. त्या भीतीने मांजर जेवणाची जागाच सोडू शकते.

दुधाचेही सांगायला हवे. म्हणीतले मांजर डोळे मिटून खुशाल दूध पिते. प्रत्यक्षात बऱ्याच प्रौढ मांजरांना ते पचत नाही आणि जुलाब होतात. पाणी मात्र जेवणाच्या ताटलीपासून दूर ठेवून पाहावे, अनेक मांजरे त्यामुळे जास्त पितात.

‘मुद्दाम गादीवर घाण केली’ या आरोपामागे बहुतेक वेळा लिटर बॉक्स (मांजराच्या शी-शूसाठी ‘लिटर’ म्हणजे वाळूसारखे कण भरलेले खोके) किंवा आजार असतो. बॉक्स किती? मांजरे जितकी, त्याहून एक अधिक, आणि तेही वेगवेगळ्या जागी. ओळीने मांडलेले तीन बॉक्स मांजराच्या दृष्टीने एकच. लांबी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंतच्या अंतराच्या दीडपट हवी, बाजारातले बरेच बॉक्स यात नापास होतात. बिनवासाचे, बारीक कणांचे लिटर पाच ते सात सेंटीमीटर भरावे आणि दिवसातून किमान एकदा त्यातले घाणीचे गोळे काढावेत. सुगंधी लिटर माणसाच्या नाकासाठी असते. धुलाई यंत्राशेजारी बॉक्स ठेवला आणि यंत्र एकदा ऐन वेळी गरगरले, की मांजर तिकडे फिरकणे बंद. घाण झालेली जागा एन्झाइमयुक्त (घाणीचे घटक तोडणाऱ्या) क्लीनरने पुसावी. अमोनियाचा वास लघवीसारखाच असल्याने अमोनियायुक्त द्रावणाने ते पुन्हा तिथेच जाते. फिनॉलयुक्त जंतुनाशके तर मांजरांना विषारी आहेत.

एक लक्षण मात्र सवयीच्या खात्यात टाकू नये. बोका पुन्हा पुन्हा बॉक्समध्ये जाऊन बसतो, कुंथतो, ओरडतो, खालची बाजू चाटत राहतो आणि लिटर कोरडेच राहते. पुष्कळांना ही बद्धकोष्ठता वाटते. बहुधा मूत्रमार्ग तुंबलेला असतो. बोक्याचा मूत्रमार्ग अरुंद असल्याने त्याला हा धोका फार. एक-दोन दिवसांत जीव जाऊ शकतो. सकाळची वाट न पाहता, घरातली कोणतीही गोळी न देता (पॅरासिटामॉल तर मांजराला मारकच आहे) त्याला तत्काळ पशुवैद्याकडे न्यावे.

– एक वाचक