1911 चा रुपया 1912 चा कसा झाला? प्रतवारी कंपनीला लेखी तक्रार

प्रति,
व्यवस्थापक,
नाणे तपासणी व प्रतवारी विभाग

विषय: चुकीची लेबलं, काळं दिलेलं नाणं पांढरं होऊन परत येणं आणि हेल्पलाइनवरची उत्तरं

कालच्या फोननंतर तोंडी बोलण्यात काही राम राहिलेला नाही, म्हणून लेखी देतोय. पावती, पाठवण्यापूर्वीचे फोटो आणि तुम्ही नाणी ज्यात बंद करून परत पाठवलीत त्या पारदर्शक सीलबंद डब्यांचे फोटो सोबत जोडले आहेत. रुपया म्हणजे काय, टांकसाळीची खूण कुठे बघायची, हे तुम्हाला समजावणार नाही. तुम्ही त्याचेच पैसे घेता.

माझी नाणी बाजारातून उचललेली नाहीत. वडिलांचं सेलमला गलाईचं, म्हणजे सोनं-चांदी वितळवून शुद्ध करायचं दुकान होतं. आमच्या खानापूर-आटपाडीकडची कित्येक घरं याच धंद्यावर उभी राहिली, हे इकडं कुणालाही विचारा. मोडीत आलेल्या रुपयांतले चांगले नग वडील मुशीत जाण्याआधी बाजूला काढायचे आणि गिऱ्हाइकाला चांदीचे पैसे चुकते करून डब्यात ठेवायचे. वाटणीत तो डबा माझ्याकडे आला. त्यातले निवडक रुपये तुमच्याकडे पाठवले, कारण जाहिरातीत ‘तज्ज्ञांची नजर’ असं लिहिलं होतं.

पहिला, पंचम जॉर्जचा 1911 चा रुपया. मागच्या बाजूला वर्ष ठळक आकड्यांत आहे, भिंग लागत नाही. तुमच्या डब्यात नाणं 1911 चं आणि त्याच्यावर चिकटवलेलं लेबल 1912 चं. दोन्ही एकाच वेळी दिसतात. प्रत, म्हणजे नाण्याच्या अवस्थेचे गुण, 40 दिलीत, ती मान्य. नाणं बघून प्रत दिली, मग वर्ष कुणाचं बघून दिलं?

हे मी फोनवर विचारलं. ताई म्हणाल्या, “सर, लेबल सिस्टीममधून येतं.” मी म्हटलं, नाणं माझ्याकडून आलंय. “पण सर, 1911 आणि 1912 ला राजा एकच आहे ना?” राजा एकच, ताई, हत्ती वेगळा. “हत्ती?” मग मी सगळं सांगत बसलो. राजाच्या छातीवरच्या साखळीत एक बारीक हत्ती आहे. 1911 च्या छापात तो लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली, सरकारनं रुपया मागे घेतला, खजिन्यातला माल परत वितळवला आणि 1912 ला सोंड ठळक करून नवा छाप काढला. म्हणून बाजारात त्याला डुक्कर रुपया म्हणतात आणि म्हणूनच त्याला वेगळी किंमत आहे. ताईंनी शांतपणे ऐकलं आणि विचारलं, “सर, मग तुमच्या नाण्यावर हत्ती आहे की डुक्कर? तसं नोंदवते.” हत्तीच आहे, पण डुकरासारखा दिसतो. “म्हणजे नाणं डॅमेज आहे का?”

ताईंवर माझा राग नाही. त्यांना कुणी शिकवलंच नसेल. पण त्यांनी फोन ज्या साहेबांकडे दिला, ते स्वतःला वरिष्ठ म्हणवत होते. बराच वेळ ती तुमची सनई ऐकवून झाल्यावर ते म्हणाले, “काका, चांदी खरी आहे ना? मग शेवटी भाव चांदीचाच. वर्ष कशाला धरून बसताय?” आणि वर सल्ला, “शंका असेल तर घरी चुंबक लावून बघा. चिकटलं नाही की चांदी.”

साहेब, चुंबक तांब्यालाही चिकटत नाही आणि पितळेलाही. टंच, म्हणजे चांदी किती शुद्ध ते, कसा काढतात, हे आमच्या घरातली पोरं शाळेत जायच्या आधी बघतात. आणि वर्ष धरून बसायचं नसतं, तर वडिलांनी तो रुपया तेव्हाच मुशीत टाकला असता. मलाही तुमची फी भरावी लागली नसती. भाव चांदीचाच असेल तर तुमची कंपनी नक्की कशासाठी आहे? एक तराजू ठेवा आणि बोर्ड बदला.

दुसरा, व्हिक्टोरिया राणीचा 1840 चा, नाव डोक्यावरून अखंड गेलेला. त्याच साली नाव दोन बाजूंना तुटलेला दुसरा छाप आहे. लेबलवर त्याचा पत्ताच नाही. पण ते सोडा. मी दिला तेव्हा हा रुपया काळपट-निळसर होता, वर्षानुवर्षं डब्यात राहून आलेला रंग. फोटोत दिसतोय. परत आला तो नव्या पैंजणासारखा पांढरा, आणि लेबलवर शेरा: ‘साफ केलेले, प्रत देता येत नाही’. कुणी साफ केलं? माझ्या घरून निघताना तो काळा होता. चांदी रसायनात बुडवून काढली की तिच्यावर एक मेलेली चकाकी येते; ती ओळखायला मला तुमचं प्रमाणपत्र नको. साफ तुम्ही करायचं आणि शेरा माझ्या नाण्यावर?

तिसरा, 1944 चा सहाव्या जॉर्जचा, लाहोर टांकसाळीचा, बारीक ‘एल’ असलेला. लेबलवर छापलंय ‘चांदी 917’, म्हणजे हजारात 917 भाग चांदी. युद्धकाळात, 1940 पासून, रुपयातली चांदी निम्म्यावर आणली, 500 टंच. वजन मात्र तेच ठेवलं, 11.66 ग्रॅम, म्हणून तराजूवर फरक कळत नाही. आमच्या दुकानात असा रुपया 917 चा म्हणून कुणी घेतला असता, तर संध्याकाळी हिशेबाला बसल्यावर त्याची काही धडगत नव्हती. तुमच्याकडे तो चकचकीत होलोग्रामखाली सीलबंद होतो. उद्या कुणी त्या लेबलवर विश्वास ठेवून विकत घेतला, तर फसवणूक कुणाची, माझी की तुमची?

आणि एवढं होऊन साहेबांचा तोडगा काय, तर “डबा तुमच्या जबाबदारीवर फोडा आणि परत पाठवा, पुन्हा फी लागेल.” 1911 चं 1912 तुम्ही करायचं, आणि फी मी पुन्हा भरायची. हे लिहितानाही डोकं फिरतंय.

तुमचं नाव मी विट्यातल्या आणि सांगलीतल्या सराफांना स्वतःहून सांगितलं होतं. आता तेच विचारतात, काय म्हणाले तुमचे तज्ज्ञ?

तिन्ही नाणी तुमच्या खर्चानं, विमा उतरवून, माणूस पाठवून न्यावीत. 1911 चं आणि 1944 चं लेबल दुरुस्त करून द्यावं. 1840 चं काय झालं, ते कुणाच्या हातात होतं आणि कशात बुडवलं, याचा लेखी खुलासा व भरपाई द्यावी. फोन नको, फोनवर हत्तीचं डुक्कर होतं. पंधरा दिवसांत उत्तर आलं नाही, तर सांगलीच्या जिल्हा ग्राहक आयोगात तक्रार दाखल करेन. 2019 च्या कायद्यानं मला त्यासाठी तुमच्या शहरात यावं लागत नाही, तुम्हाला इकडं यावं लागेल. येताना चुंबक आणा.

तक्रारदार,
(सही)
विटा, ता. खानापूर, जि. सांगली